अँड्रॉइड की आयफोन? आधी कागद-पेन्सिल घ्या!

२०२५ सालची दिवाळी. भाऊबीज झाली, पाहुणे पांगले आणि मी फराळाचे रिकामे डबे आवरत होते. पुण्याहून आलेला आमचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, मी नवा आयफोन घेतलाय. हा जुना तू वापर. तुझा तो अँड्रॉइडचा डबा आता टाकून दे."

डबा! मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. साडेतीन वर्षं त्या डब्यातच तर माझा अर्धा संसार आहे. दूधवाल्याचा हिशेब, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो, गॅसचं बुकिंग, भिशीचा ग्रुप, लेकीच्या डोहाळजेवणाचे फोटो, सगळं त्यातच. पण खरं सांगू? हातात तो गुळगुळीत, काळाशार आयफोन आला आणि मनात आलं, घ्यावा की! आमच्या भिशीतल्या दोघी-तिघींकडे आयफोन आहे. फोटो काढायची वेळ आली की त्यांचाच फोन पुढे होतो. आपणही एकदा मिरवावं, असं कुणाला वाटत नाही?

तुमच्याही घरी असा प्रसंग आला असेल, नाहीतर लवकरच येईल. मुलगा, जावई किंवा भाऊ नवा फोन घेतो आणि जुना आपल्याकडे येतो. कधी यजमान लग्नाच्या वाढदिवसाला हौसेने नवाच आणतात. कधी उलटही होतं. आयफोन वापरून झालेला असतो, तो जुना होतो, नव्याची किंमत ऐकून डोळे फिरतात आणि अँड्रॉइडकडे परत जावंसं वाटतं. अशा वेळी घरातले सगळे सल्ले देतात ते कॅमेऱ्यावर, रंगावर आणि किमतीवर. आपण काय गमावू, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नसतं. पण हात पुढे करता करता मला माझ्या धाकट्या जाऊबाईंची आठवण झाली.

एका दुपारची घाई

जाऊबाईंची आई २०२३ मध्ये गेली. शेवटची दोन वर्षं म्हातारीला लिहिणं जमत नव्हतं, म्हणून ती व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची. "जेवलीस का?" "पावसात भिजू नकोस." "लिंबाचं लोणचं घातलंय, कुणी येणारं असेल तर सांग." असे शे-दीडशे निरोप. आई गेल्यावर जाऊबाई कधी दुपारी एकट्या असल्या की त्यातला एखादा लावून ऐकायच्या. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

२०२४ च्या दसऱ्याला त्यांच्या मुलाने त्यांना असाच आपला वापरलेला आयफोन दिला. त्यात आधीपासून सगळं सुरू होतंच. त्याने सिमकार्ड बदललं, व्हॉट्सॲप उघडून आईचा नंबर घातला. नंबर सुरू झाला, पण आतलं सगळं कोरं. "जुने मेसेज येत नाहीत गं, पण नवे येतील ना!" असं म्हणून तो मोकळा झाला. दुकानात जुन्या फोनला बरी किंमत मिळत होती, म्हणून त्याच दुपारी तो पुसून देऊनही आला. संध्याकाळी जाऊबाईंनी आईचं नाव शोधलं. नाव होतं, फोटो होता. आवाज नव्हता.

पोराची चूक नव्हती, असं जाऊबाई आजही म्हणतात. त्याने प्रेमानेच दिला होता. पण कुणी विचारलंच नाही, की या फोनमध्ये तुझं असं काय आहे, जे पुन्हा मिळणार नाही?

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच. कुठला फोन चांगला, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आपल्याला काय जपायचं आहे, आणि नवा फोन आपला आपल्याला चालवता येईल का?

दोन मिक्सर, दोन भांडी

आधी थोडी ओळख करून घेऊ. आयफोन हा ॲपल या एकाच कंपनीचा. फोनही त्यांचा आणि तो चालवणारी आतली यंत्रणाही त्यांचीच. पहिला आयफोन २००७ साली आला. अँड्रॉइड हे मात्र फोनचं नाव नव्हे. ती गूगलची यंत्रणा. तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये विकायला आला. आज सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला अशा कितीतरी कंपन्या त्या यंत्रणेवर आपापले फोन बनवतात. त्यामुळे अँड्रॉइडमध्ये आठ-दहा हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत सगळ्या किमती सापडतात.

दोघांचं काम जवळपास सारखंच. दोन्हींवर व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, बँकेचे व्यवहार होतात. आयफोनवरून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉलही सरळ लागतो. मुलगा "आपण फेसटाइमवर बोलू" म्हणाला तर ती मात्र ॲपलची स्वतःची सोय. केवळ तेवढ्यासाठी फोन बदलायचं कारण नाही.

मग अडतं कुठे? एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही ना, तसं. दोन्हींत चटणी उत्तमच होते, पण भांडी अदलाबदल करता येत नाहीत. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आपली राखीव प्रत गूगलच्या खात्यात ठेवतं. आयफोनवरचं ती ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ठेवतं. एकाची प्रत दुसरा उघडत नाही. जाऊबाईंच्या फोनवर तर ती राखीव प्रत कधी सुरूच केलेली नव्हती. जे होतं ते फोनमध्येच होतं, आणि फोन पुसला गेला.

काय आपोआप येतं, काय येत नाही

घर बदलताना आपण सामानाची यादी करतो. इथेही तसंच करा. कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा.

सहज येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. नावं-नंबर, फोटो, व्हिडिओ, ई-मेल, कॅलेंडरमधल्या नोंदी. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना त्यासाठी 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲपलचंच ॲप आहे. २०१५ पासून ते मिळतं आणि फुकट आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपचं जुनं बोलणंही त्यातून नेता येतं. पण इथे एक मेख आहे, ती नीट लक्षात ठेवा. ही सोय आयफोन पहिल्यांदा सुरू करताना मिळते. म्हणजे फोन कोरा हवा, किंवा पूर्ण पुसून नव्यासारखा केलेला हवा. नंबरही तोच हवा. मुलाने आपला चालू फोन तसाच हातात दिला, तर आधी तो पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू करायला सांगा. जाऊबाईंच्या घरी हेच राहून गेलं.

उलट्या बाजूने, म्हणजे आयफोनवरून अँड्रॉइडकडे येताना, व्हॉट्सॲप नेण्याची सोय २०२१ मध्ये सुरू झाली, आधी सॅमसंगवर आणि मग इतर काही फोनवर. त्यासाठी दोन्ही फोन वायरने जोडावे लागतात. योग्य ती वायर घरात आहे का, हे आधी पाहा.

फोटोंचं म्हणाल, तर ज्यांचे फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत त्यांनी घाबरू नये. ते ॲप आयफोनवरही चालतं. आपल्याच खात्याने उघडलं की फोटो हजर.

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला, जे येत नाही ते लिहा. मेमरी कार्ड आयफोनमध्ये बसत नाही. त्यावरचे फोटो, कीर्तनं, गाणी आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात. पैसे भरून घेतलेली ॲप्स दुसऱ्या यंत्रणेवर बहुधा पुन्हा विकत घ्यावी लागतात. घरातला चार्जरही पाहा. २०२३ च्या आयफोन १५ पासून त्याला बहुतेक नव्या अँड्रॉइडसारखीच सी-टाइपची वायर चालते. त्याआधीच्या आयफोनची वायर वेगळी. जुना आयफोन घरी आला तर सगळ्यांच्या वायरी एका बाजूला आणि तुमची एकटीची दुसऱ्या बाजूला!

आणि पैशाचे व्यवहार. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि भाजीवालीपर्यंत पोचलं. नव्या फोनवर ते आपोआप चालू होत नाही. बँकेला जो नंबर दिला आहे, ते सिमकार्ड नव्या फोनमध्ये असावं लागतं. ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि मग ओळख पटते. सिमवर एसएमएस जाण्याइतपत रिचार्ज नसेल तर गाडं तिथेच अडतं. शिवाय नव्या फोनवर पहिला एखादा दिवस बऱ्याच बँका रकमेवर मर्यादा घालतात. तेव्हा कॉलेजची फी भरायची आहे, हॉस्पिटलची तारीख आहे, अशा दिवशी फोन बदलू नका. सणाच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको.

हिशेब वर्षावर मांडा

किमतीचा विचार करताना आपण दुकानातली पाटी पाहतो. पण साडी घेताना आपण काय म्हणतो? किती वर्षं नेसली, ते बघायचं. फोनचंही तसंच.

उदाहरण घ्या. २०२४ मध्ये आयफोन १६ भारतात आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपये होती. तो सहा वर्षं वापरला तर वर्षाला साधारण १३,३०० रुपये पडतात. अठरा हजारांचा अँड्रॉइड तीन वर्षं वापरला तर वर्षाला ६,००० रुपये. मग अँड्रॉइड स्वस्तच, नाही का? हो, पण दुसरं पानही पाहा. आयफोनला जुन्याची किंमत सहसा बरी येते. आणि काच फुटली तर त्याच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटतो. हप्त्यावर घेणार असाल तर महिन्याचा आकडा नको, सगळे हप्ते मिळून होणारी बेरीज लिहा.

आणखी एक खर्च कुणी सांगत नाही. फोटो ठेवायला गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी. नातवंडांचे व्हिडिओ काढणाऱ्या आजीला ५ जीबी किती दिवस पुरणार? मग दरमहा भाडं सुरू. रक्कम लहान असते, पण दूध-पेपरच्या बिलासारखी ती कायमची होते. हिशेबात ती धराच.

फोन किती वर्षं सुरक्षित राहील, हेही विचारा. कंपनी ठरावीक वर्षं त्यात दुरुस्त्या पाठवत असते. त्या बंद झाल्या की चोराचिलटांना वाट मोकळी होते आणि पुढे बँकेची ॲप्सही कुरकुरू लागतात. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. पण हे महागडे फोन. स्वस्त अँड्रॉइडला अनेकदा याहून कमी वर्षं मिळतात. दुकानदाराला सरळ विचारा, "सुरक्षेचे अपडेट किती वर्षं येणार?" तो गडबडला तर बॉक्सवरचं मॉडेल लिहून घ्या आणि घरी येऊन पाहा.

वापरलेला आयफोन घेताना तर वयाची वजाबाकी कराच. २०१८ साली आलेल्या आयफोन एक्सआरला २०२५ च्या नव्या आवृत्तीतून वगळलं गेलं. म्हणजे सात वर्षं मिळाली, पण ती फोन बाजारात आल्यापासूनची. मुलाने त्यातली चार वापरली असतील तर आपल्या वाट्याला तीनच. बॅटरीची स्थितीही सेटिंग्जमध्ये टक्क्यांत दिसते. आकडा ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च आताच धरून चाला.

बाहेरून जुना फोन विकत घेणार असाल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. केवायएम असं इंग्रजीत टाइप करून, मध्ये जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

फोन तुमचा, खातंही तुमचंच

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाचा फोन घेतला आणि आत खातंही मुलाचंच राहिलं, तर काय होतं? तुमचे फोटो त्याच्या खात्यात जातात, त्याचे नंबर तुमच्या यादीत येतात, आणि साधं ॲप घ्यायचं तर त्याला पुण्याला फोन करून पासवर्ड विचारावा लागतो. तो मीटिंगमध्ये. तुम्ही इकडे वाट बघत. आयुष्यभर किल्ल्या कमरेला लावून घर सांभाळणारी बाई स्वतःच्या फोनची किल्ली दुसऱ्याकडे मागते, हे काही बरं नाही.

म्हणून फोन देणाऱ्याने आपल्या खात्यातून पूर्ण बाहेर पडून, फोन पुसूनच द्यावा. तसं न करता पुसला तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीही जुन्या मालकाचा पासवर्ड मागून अडून बसतात. चोरीसाठी केलेलं ते कुलूप आहे. नवं खातं तुमच्या नावाचं, तुमच्या नंबरचं काढा. पासवर्ड तुम्ही ठरवा आणि एका वहीत लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवा. यजमानांना वही कुठे आहे ते ठाऊक असावं, एवढं पुरे. यूपीआयचा पिन मात्र वहीतही नको आणि कुणाच्या कानावरही नको.

हाताची सवय हीसुद्धा लहान गोष्ट नाही. अँड्रॉइडवर मागे जाण्याची खूण वेगळी, आयफोनवर वेगळी. पहिले पंधरा दिवस प्रत्येक गोष्ट शोधावी लागते. तेव्हा घेण्याआधी मैत्रिणीचा फोन अर्धा तास मागून घ्या. त्यावर मराठीत चार ओळी लिहून पाहा. अक्षर मोठं करून पाहा. एक फोटो काढून ग्रुपवर टाका. आणि हेही पाहा, की घरात किंवा शेजारी त्याच जातीचा फोन कुणाकडे आहे. अडलं तर हाक मारायला जवळ माणूस असणं, हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोलाचं.

बदलायचंच ठरलं तर

तर मग या क्रमाने करा:

१. ज्यांचं बोलणं जपायचं आहे त्यांचं व्हॉट्सॲप उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' निवडा, सोबत मीडियाही घ्या आणि ते स्वतःच्याच ई-मेलवर पाठवा. फार जुनं, मोठं बोलणं असेल तर सगळं एकदम जात नाही. म्हणून लाडके निरोप वेगळे निवडून बहिणीलाही पाठवून ठेवा.

२. मेमरी कार्डावरचं सगळं घरच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा.

३. दोन्ही फोन चार्जिंगला लावून, दोन-तीन तास मोकळे असताना सामान हलवा. कुकर लावून मधेच करायचं हे काम नव्हे.

४. यूपीआय आणि बँकेची ॲप्स सुरू करा, आणि घरातल्याच कुणाला एक रुपया पाठवून खात्री करा.

५. जुना फोन निदान पंधरा दिवस घरात ठेवा. रोज काहीतरी आठवतं, "अरेच्चा, ते राहिलंच!" जुना फोन देऊन नवा घेणं हा बोहारणीसारखाच व्यवहार. भांडं चकचकीत दिसतं म्हणून गाठोड्यातली पैठणी द्यायची नसते. गाठोडं आधी सोडून पाहायचं.

६. सगळं मिळाल्याची खात्री झाल्यावरच जुना फोन खात्यातून बाहेर काढा, पुसा आणि मग द्या.

मी काय केलं?

मी कागद घेऊन बसले. डाव्या बाजूला लिहिलं, चांगला कॅमेरा, मुलाचा आग्रह, भिशीतली ऐट. उजव्या बाजूला लिहिलं, मेमरी कार्ड, आयफोनची चार वर्षं उलटलेली, बॅटरी ७८ टक्के, घरात बाकी सगळे अँड्रॉइडवाले, आणि माझा स्वतःचा फोन अजून धडधाकट. मुलाला म्हटलं, "बाळा, तुझा फोन विकून टाक. माझा डबा चालतोय तोवर चालू दे." तो हसला. पण जाण्याआधी माझ्या फोनची राखीव प्रत सुरू करून गेला. मला तेच हवं होतं.

जाऊबाईंचं उत्तर वेगळं आहे. त्या आता त्या आयफोनवर रुळल्यात आणि परत बदलायला तयार नाहीत. मोठं अक्षर, स्वच्छ फोटो, त्यांना सोयीचं वाटतं. तेव्हा माझाच फोन बरोबर, असं माझं म्हणणं नाही. यादी ज्याची त्याची वेगळी असते.

आणि आईचा आवाज? मध्यंतरी त्यांच्या भावाने आपल्या फोनमध्ये शोधाशोध केली. आईने एकदा दोघांनाही एकच निरोप पाठवला होता, तो त्याच्याकडे राहिला होता. अकरा सेकंदांचा. "मी बरी आहे. काळजी करू नका. जेवून घ्या." शे-दीडशेंतला तेवढा एक उरला. तो आता घरातल्या पाच फोनमध्ये आहे.

तुमच्या फोनमध्येही असं कुणीतरी बोललेलं असेल. फोन बदला किंवा बदलू नका, पण आज रात्री ओटा आवरून झाला की पाच मिनिटं बसा आणि तेवढं आधी जपून ठेवा.